किटली पार्टीचा वर्षावास

आमच्या गल्लीत इंग्रजी गाणं लागलं की चपला बाहेर काढाव्या लागतात.

नवा माणूस हमखास फसतो. रविवारी सकाळी तो रस्त्यानं जात असतो. पौर्णिमा साउंड सर्व्हिसच्या अर्ध्या उघड्या शटरमागून ढोल बदडल्याचा आवाज येतो, त्यावर कुणी बाप्या कळवळून ओरडत असतो, आणि याला वाटतं आत मारामारी लागली. तो सोडवायला धावतो. दारात ओळीनं लावलेल्या चपला बघून थबकतो. आत सतरंजीवर सुखदेवमामा मांडी घालून बसलेले असतात. पांढरा सदरा, मिटलेले डोळे, आणि समोर पाटावर एक जुना टेपरेकॉर्डर. मामा डोळे न उघडता बोटानं आधी चपला दाखवतात, मग बसायची जागा. यानं तोंड उघडलंच तर एवढंच म्हणतात, "आदी ऐका. मग बोला."

मीही असाच एकदा या दारात येऊन पडलो. फरक एवढाच की मी अजून उठलेलो नाही.

मी मूळचा देवगडकडचा. आठवीत शाळा सोडली आणि आंब्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो. नांदेडच्या फेरीत गंगाखेडला आलो तेव्हा मला ताप भरला होता. ड्रायव्हरला माल नासायची धास्ती. त्यानं मला या शटरच्या पायरीवर बसवलं, "येताना नेतो" म्हणाला, आणि परत कुठल्या रस्त्यानं गेला देव जाणे. मामांनी मला आत घेतलं, स्पीकरच्या खोक्यांमागं अंथरूण घातलं, शेजारच्या खानावळीतून पातळ खिचडी आणून भरवली. बरा होऊन मी निघालो तर म्हणाले, "कुठं जायलास? तिकडं कुणी काम धरून हुबं हाय का तुज्यासाठी?" आई होती, पण काम द्यायला कुणी नव्हतं. मग त्यांनी दुकानाचा अर्धा भाग मला पंक्चरच्या कामाला दिला. त्याला आता बरीच वर्षं झाली. मला काळजी करायची खोड आहे, कंप्रेसर जरा जास्त वेळ घुमला तरी छातीत धडधडतं, पण डोक्यावर छप्पर आहे ही गोष्ट मी रोज सकाळी शटर वर करताना मनात मोजून घेतो.

मामांचा धंदा आवाजाचा. लग्न, जयंती, शाळेची स्नेहसंमेलनं, सगळीकडं त्यांचे भोंगे. गंगाखेडात त्यांच्या कानाला मान होता. कुणी वधूपिता बोलणी करायला आला आणि "जय भीम मामा" किंवा "राम राम मामा" म्हणाला, की मामा मान वर न करता विचारायचे, "रात्री झोपला न्हाईत का ओ? घसा रडलेला हाय." तो माणूस तिथंच बसून आपलं सगळं सांगायचा. मामांचं ठरलेलं वाक्य होतं, "मानूस खोटं बोलतो. आवाज खोटं बोलत न्हाई."

माइकच्या बाबतीत ते फार हळवे. कुणी पाहुणा स्टेजवर येऊन माइकला टपली मारायला लागला की मामा मंडपाच्या टोकापासून धावत यायचे. "ओ साहेब, टपली कामून मारायलात? तुमाला कुणी बोलायच्या आदी टाळक्यात मारली तर चालंल का?" आणि वरातीत पोरं "मामा, आवाज वाढवा" म्हणून नाचायला लागली की म्हणायचे, "कानाचा पडदा म्हंजी काय शामियाना हाय का, फाटला की दुसरा लावला?" त्यामुळं वरातीच्या सुपाऱ्या त्यांना कमीच मिळायच्या. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

आता त्या टेपबद्दल.

चार कॅसेटी आहेत. गाणारे इंग्लंडचे. त्यांचं खरं नाव इंग्रजीत लांबलचक आहे, पण पहिल्या कॅसेटवर चेपलेल्या किटलीचं चित्र, म्हणून आमच्याकडं ती किटली पार्टी. मामांचे वडील गावोगाव गायन पार्टी घेऊन फिरायचे, बाबासाहेबांची गाणी म्हणायचे. त्यामुळं चार माणसं एकत्र येऊन तावातावानं गायला लागली की मामांच्या लेखी ती पार्टीच. कॅसेटींनाही चित्रांवरून नावं पडलेली. किटलीची, बसची, कुत्र्याची, आणि जिच्यावर काहीच चित्र नाही ती काळी.

वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. मामा तिथं पहिल्या रांगेत. आणि त्याच महिन्यांत दर रविवारी सकाळी दुकानात किटली पार्टी. एका रविवारी एक कॅसेट, दोन्ही बाजू. चौथी झाली की पुन्हा पहिली. मधलं गाणं गाळायचं नाही, पुढं पळवायचं नाही, बाजू संपेपर्यंत उठायचं नाही, आणि उलटून लावल्यावर आधीच्या बाजूबद्दल बोलायचं नाही. एकदा विहारातल्या एक वयस्कर ताई म्हणाल्या, "सुखदेव, हे काय रे बाबा?" मामा हात जोडून म्हणाले, "ताई, ग्रंथ तिकडं, कॅसेट इकडं. सरमिसळ न्हाई. पर बसायची शिस्त मला एकच येते."

बैठकीला आम्ही मोजके. खानावळीच्या शेवंतामावशी, ब्रास बँडमध्ये ढोल वाजवणारे उस्मानभाई, मी आणि मामा. इंग्रजी कुणालाच येत नाही. पण इतक्या वर्षांत आम्ही त्या गाणाऱ्याचा सगळा संसार बसवून टाकला होता. त्याचा आवाज जड, घोगरा, रेड्यासारखा. शब्द एकेक करून ओढत आणायचा. मावशींच्या मते तो पन्नाशीचा, तीन पोरींचा बाप. "थोरलीचं जमंना म्हनून वरडायलाय," त्या म्हणायच्या. "आन् उपाशी हाय. भरल्या पोटी मानूस असा वरडत न्हाई. हितं असता तर दोन भाकरी घातल्या असत्या." उस्मानभाईंना ढोलवाला आवडायचा. "धीमा बजाता, लेकिन क्या वजन है मियाँ. हाथी चलरा जैसा."

मामा शेवटी बोलायचे. "ज्याचं कुणी ऐकत न्हाई, तो वरडूनच गातो. माजा बाप बी असाच गायचा. फकस्त संगं पेटी व्हती."

एकदा बैठक चालू असताना माझ्या आईचा फोन आला. मागचा आवाज ऐकून ती म्हणाली, "बरा वाटला रे, तुका भजनाची संगत मिळाली." मी हो म्हणालो. ते फारसं खोटं होतं असं मला वाटत नाही.

हा टेप आला माणिककाकांमुळं. माणिककाका पेडगावचे, शेतकरी घरातले, मामांचे जिवाभावाचे दोस्त. दोघांनी मिळून हे दुकान काढलं होतं. अर्ध्यात मामांचे भोंगे, अर्ध्यात माणिककाकांची रेडिओ दुरुस्ती. रेडिओ गेले तसे माणिककाका पेडगावला शेतीकडं परतले, आणि त्यांच्या अर्ध्यात पुढं मी आलो. त्यांच्या स्क्रू-ड्रायव्हरच्या खुंट्या अजून माझ्या भिंतीवर आहेत. वर्षावासात मात्र दर रविवारी ते सकाळच्या गाडीनं यायचे, आणि दर रविवारी बैठक संपली की एकच गोष्ट सांगायचे.

"एक गोरा आलता, शेतीचं काय तरी बघायला. त्याचा टेप बंद पडला. आतला पट्टा तुटलेला. तसला पट्टा परभनीत न्हाई, नांदेडात न्हाई. म्या सायकलच्या ट्यूबचा कापला. बसवला. बटन दाबलं. गोऱ्यानं दोन मिंट ऐकलं, आन् असा हसाय लागला, असा हसाय लागला, की डोळ्यांतनं पानी! पोट धरून खालीच बसला. मग उठला, माजी पाठ थोपटली, आन् खुनेनं म्हनला, ठेव. टेप ठेव, कॅसेटी बी ठेव. इंग्लंडचा मानूस बगा! आपल्या कामावर खूश होऊन गेला."

मामा दर वेळी मान डोलवायचे. "माणिकच्या हाताला इलाज व्हता," म्हणायचे आणि त्यांच्या बशीत आणखी चहा ओतायचे.

माणिककाका जाऊन चार-पाच वर्षं झाली. त्यांची जागा सतरंजीवर तशीच मोकळी ठेवलेली असते. मामांनी तसं कधी सांगितलं नाही, आम्हीच सरकून बसतो.

यंदाच्या वर्षावासात दोन गोष्टी झाल्या. टेप थकला. गाणं मध्येच लोळायचं, पुन्हा उठायचं. उस्मानभाई म्हणाले, "मामू, हाथी बैठ गया." मी म्हणालो, "मामा, एकदा उघडून बघूया का?" मामा असे फिरले की जणू मी कुणाच्या खिशात हात घातला. "टेपला हात लावायचा न्हाई कुनी. चालंल तवर चालंल." आवाजाचा धंदा करणारा माणूस, अख्ख्या तालुक्याचे अँप्लिफायर उघडून बसणारा, आणि स्वतःचा टेप उघडायला तयार नाही. मला तेव्हापासून घोर लागला. हा टेप बंद पडला तर मामा रविवारी काय करणार?

दुसरी गोष्ट म्हणजे वैशाली आली. माणिककाकांची मुलगी. दवाखान्यात सिस्टर आहे, बदली होऊन गंगाखेडला आली. पहिल्याच रविवारी स्कूटीवरून दुकानात हजर. चपला काढल्या, नेमकी बापाच्या जागेवर जाऊन बसली. मामांनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांचा श्वास बदललेला मला कळला. त्यांच्याकडूनच शिकलोय.

ती बाजू संपेपर्यंत गप्प बसली. मग म्हणाली, "काका, याला पंक रॉक म्हणतेत."

"म्हनू दे की. आपल्याकडं पार्टी म्हनतेत."

"आन् हे म्हणायलेत, सगळं मोडून टाका."

"काय मोडायचं ते ठरवलंय का पर आदी?" मावशी म्हणाल्या. "न्हाई तर घरातलीच भांडी मोडून बसतेल."

सगळे हसलो. वैशालीला वाटलं असणार, आपण काकांना काहीतरी द्यावं. पुढच्या रविवारी ती आली ती उत्साहानं. "काका, बघा काय आणलंय! तुमची किटली पार्टी मोबाईलवर हाय. आख्ख्या चारी कॅसेटी. आता टेप बंद पडला तरी चिंता न्हाई." आणि तिनं मोबाईल पाटावर ठेवून बटण दाबलं.

काय सांगू. ढोल असा सुटला जसा पिसाळलेला गोऱ्हा. आणि त्यावर एक बारीक, चिरका, मिसरूड न फुटलेल्या पोराचा आवाज, धापा टाकत, शब्दांवर शब्द आदळत निघालेला.

मावशींनी कपाळाला हात लावला. "अगं माय! हे कोन? त्याचा पोरगा हाय का?"

"कायकू इत्ता भागरा ये?" उस्मानभाई उठूनच उभे राहिले. "पीछे कुत्ता लगा क्या इसके?"

"गाणं तेच हाय की," वैशाली गोंधळली. तिनं मोबाईलकडं पाहिलं, मग टेपकडं. "काका, म्हंजी मग… आपला टेप…"

"मोबाईल फास्ट हाय," मामा म्हणाले.

सगळ्यांनी माना वळवून त्यांच्याकडं पाहिलं.

"नेटचं असंच असतंय," मामा पुढं म्हणाले. आवाज शांत, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "लय लांबून येतंय ना ते. येगात येतंय. टेप बराबर हाय."

उस्मानभाई आधी हसले, मग त्यांना हसू आवरेना. मावशी पदर तोंडात धरून बसल्या. मीसुद्धा हसलो. तीस वर्षं आवाजाचा धंदा केलेला माणूस म्हणतो, नेट लांबून येतं म्हणून गाणं पळतं! वैशाली तेवढी हसली नाही. तिनं हळूच मोबाईल बंद करून पिशवीत टाकला.

आमचं गाव तोंडाचं मोकळं. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर विषय पोचला. "मामा, कान गेले म्हनं?" "ओ मामा, चहा जरा हळू प्या, लय फास्ट चालला." कुणी रस्त्यात गाठून त्यांच्या कानाशी ओरडायचं, "जय भीम मामाऽऽ!" मामा हळू आवाजात उत्तर द्यायचे. एरवी टपलीला टपली परत करणारा हा माणूस गप्प राहून ऐकून घ्यायचा, ते मला बघवेना.

मग दसऱ्याच्या कार्यक्रमाच्या कमिटीतले दोघं आले. दरसाल धम्मचक्र दिनाला मामांचाच साउंड. यंदा मात्र ते आडून आडून बोलत होते. "मामा, वय झालं आता तुमचं… एखादा नवा पोरगा बघावा म्हनलं…" त्यांतला एक मामांच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला आणि अगदी पुटपुटल्यासारखं म्हणाला, "मामा, चहा घेता का?"

"घेतो," मामा मागं न बघता म्हणाले. "पर आदी तुज्या खिशातला मोबाईल घे. मगापासून थरथरायलाय."

त्यानं खिसा चाचपला. खरंच थरथरत होता. दोघं हसले, मामांच्या पाया पडले आणि साउंड पक्का करून गेले.

मी मात्र हातातला पाना घेऊन तसाच उभा राहिलो. पँटच्या खिशातला थरथरणारा मोबाईल ज्याला ऐकू येतो, त्याला आपला टेप लोळतो ते ऐकू येत नाही?

त्या आठवड्यातच, दुपारच्या वेळी, मामा माझ्या अर्ध्या भागात आले. टेप छातीशी धरलेला. मागचं झाकण उघडं. "तुटला," म्हणाले, आणि मूठ उघडली. तळहातावर काळ्या रबराची एक पट्टी, दोन तुकडे, कडक झालेली, बाभळीच्या शेंगेसारखी. सायकलच्या ट्यूबची. माणिककाकांनी कापलेली तीच.

"सदा, तुज्याकडं बारीक ट्यूब हाय ना? एक पट्टा काप."

मी माप घेतलं. चांगली नरम ट्यूब निवडली, ब्लेडनं जपून कापली, बसवली. बटण दाबलं. पळाला की टेप! तेच चिरकं पोर, तोच सुटलेला गोऱ्हा, हुबेहूब मोबाईलसारखा. मला आनंद झाला. मामांनी गाणं संपेपर्यंत ऐकलं.

"झकास," म्हणाले. "आसंच हाय ते. आता हा काढ. ढिला काप."

"मामा, ढिला केला तर घसरेल. जड चालेल."

"हाव. तसाच."

मी ब्लेड खाली ठेवलं. ते स्टुलावर बसले, माझ्या भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्यांकडं बघत.

"मला काय म्हाईत न्हाई का रे? दुकान काढून दोन-तीन सालं झाली आसतील. हैदराबादला मशीन आनायला गेलतो. एका दुकानात हीच कॅसेट लागली व्हती, किटलीची. दारातच हुबा राह्यलो मी. तवाच कळलं, आपला टेप रेंगाळतोय. आन् ते बी कळलं, गोरा कामून हसला व्हता." ते हातातले तुकडे जुळवून बघायला लागले. "गाडीत बसल्या बसल्या ठरवलं, माणिकला सांगायचं. बिदर गेलं, परळी गेली. गंगाखेड आलं. उतरलो तर हा ठेसनावर. मशीनचं खोकं माज्या हातातनं घेतलं आन् पैलं काय इचारलं, सुखदेव, तिकडं कुनी हाय का रे माज्यावानी दुरुस्त करनारा?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हनलं, न्हाई बा. हैदराबादेत बी न्हाई."

बाहेर उसाचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट धडधडत गेला.

"त्यानं मरेपस्तोर ती गोष्ट सांगितली, सदा. पेडगावात त्याला इचारनारं कुनी नव्हतं. शेतीत बी काय जमलं न्हाई त्याला. एवढी एकच गोष्ट व्हती त्याची. आन् त्यानं ती पोरीला लहानपनापासून सांगितलीय." त्यांनी तुटलेल्या पट्ट्याचे तुकडे सदऱ्याच्या खिशात ठेवले. "आवाज खोटं बोलत न्हाई. म्हनून मानसाला बोलावं लागतंय कवा कवा."

मी ढिला पट्टा कापला. सोपं नव्हतं. एक फारच ढिला झाला, गाणारा गाढ झोपल्यासारखा गायला लागला. एक जरा घट्ट. असे तीन-चार कापल्यावर एकदाचा तो जड, घोगरा, तीन पोरींचा बाप टेपमधून बाहेर आला. मामांनी डोळे मिटले. मी पहिला, घट्ट पट्टा फेकून द्यायचं विसरलो. तिथंच माणिककाकांच्या खुंटीला अडकवला.

आणि शनिवारी नेमकी वैशालीच्या स्कूटीची हवा गेली.

मी ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे शोधत होतो. ती भिंतीकडं बघत होती. "दादा, हा कशाचा पट्टा?"

"तो… टेपचा, ताई. जमला नाही."

"कामून?"

"घट्ट झाला जरा."

तिनं पट्टा खुंटीवरून काढला. दोन्ही हातांच्या बोटांत अडकवून ताणला, सोडला, पुन्हा ताणला. माणिककाका अगदी तसंच करायचे. "घट्टच पायजे असतो ना पन?" ती म्हणाली. "बाबा मला शिकवायचे. ढिला असला तर…"

मी बादलीत इतका वाकलो होतो की नाकाला पाणी लागलं. बुडबुडे केव्हाच सापडले होते, तरी मी ट्यूब फिरवत राहिलो. बऱ्याच वेळानं वर पाहिलं तर पट्टा पुन्हा खुंटीला होता, आणि ती पलीकडच्या भागातल्या सतरंजीकडं बघत उभी होती. मला विचारलं नाही काही. विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं, एवढं मला माझं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी वर्षावासातला शेवटचा रविवार. काळी कॅसेट. मावशींनी चुरमुऱ्यांचा सुशीला करून आणला होता, उस्मानभाई नवी टोपी घालून आलेले. मला मात्र सकाळपासून एकच घोर लागलेला. ती आज काय बोलेल? आणि बोलली तर माणिककाकांची गोष्ट कुठं राहील, आणि मामा कुठं राहतील?

वैशाली वेळेवर आली. चपला काढल्या, बापाच्या जागेवर बसली. टेप सुरू झाला. नवा ढिला पट्टा छान चालला. हत्ती निघाला, बाप ओरडला, मावशी नेहमीसारख्या "अरे रे" म्हणाल्या. एक बाजू झाली, दुसरी झाली. मामांनी बटण बंद केलं.

"काका," वैशाली म्हणाली, "मोबाईल दुरुस्त करून आणला."

मामांनी डोळे उघडले.

"तुमी म्हणले होते तेच खरं. माझा मोबाईलच फास्ट होता." तिनं तो पाटावर, टेपच्या शेजारी ठेवला. पडद्यावर कुठंतरी बोटानं काहीतरी खाली ओढलं आणि बटण दाबलं.

मोबाईलमधून हत्ती चालायला लागला. सावकाश, वजनदार. आणि त्यावर तोच आमचा पन्नाशीचा बाप्या, शब्द ओढत ओढत आणणारा.

"हांऽ," मावशींनी समाधानानं मान हलवली. "हा आपला. त्या दिवशी कुनाचं कारटं धरून आनलं व्हतं काय की."

उस्मानभाईंनी मोबाईलकडं पाहिलं, वैशालीकडं पाहिलं, मग मामांकडं. त्यांचं तोंड उघडलं. जन्मभर ढोल वाजवलेला माणूस, त्यांना कळलं नसेल असं नाही. पण ते टोपी नीट करत म्हणाले, "हौ मामू. मोबाईलच खराब था. अब बराबर है."

मामा बराच वेळ वैशालीकडं बघत होते.

"कुनी केला दुरुस्त?"

"म्याच," ती म्हणाली. "बाबांचा हात हाय, काका."

मामांनी खिशातून रुमाल काढला, पण तो डोळ्यांपर्यंत न नेता टेपवरची धूळ पुसली, जी नव्हतीच. मग मांडी सरळ केली, डोळे मिटले आणि म्हणाले, "आदी ऐका. मग बोला."

खरं तर तेव्हा कुणीच बोलत नव्हतं.